पंढरपूरच्या वाटेवर निघण्यापूर्वी

(वाशीम येथील एका वाचनालयात, सायकल प्रवासास निघण्याच्या आदल्या सायंकाळी केलेले भाषण.)



प्रवास करून आलेल्या माणसाचे अनुभवकथन ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्ही तर अजून वाशीमची वेसही ओलांडलेली नाही. उद्या पहाटे साडेपाच वाजता मी आणि माझे स्नेही सायकलींवर पंढरपूरला निघणार आहोत. माझे वय बासष्ट, त्यांचे साठ. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, ते एस.टी.च्या आगारात यांत्रिक म्हणून राबून निवृत्त झाले. ते या सभागृहात पुढच्याच रांगेत बसलेले आहेत. पण बोलण्यास त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "गुरुजी, पाना मी चालवतो, जीभ तुमी चालवा." तेव्हा श्रमविभागणीच्या या तत्त्वानुसार मी आपल्यासमोर उभा आहे. प्रवासाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मी केवळ गेल्या सहा महिन्यांच्या तयारीविषयी बोलणार आहे. आणि त्या तयारीत आम्हा दोघांकडून घडलेल्या एका प्रमादाविषयीही.

मार्गाची निवड

दरवर्षी आषाढी वारीसाठी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. पातूरचा घाट चढून ती आपल्या जिल्ह्यात येते आणि मेडशी, शिरपूर जैन, रिसोड असे मुक्काम करीत मराठवाड्यात उतरते. लहानपणी रिसोडला मामाच्या ओट्यावर उभे राहून मी ती पालखी पाहिली आहे. वारकरी गावाबाहेर दिसेनासे होईपर्यंत आम्ही मुले तेथेच उभी असू. पुढे ते कोठून कसे जातात, हे कुतूहल तेव्हापासूनचे आहे. म्हणून मार्ग शोधण्याचे कष्ट आम्हास पडले नाहीत. वाशीम, रिसोड, सेनगाव, संत नामदेवांचे नरसी, औंढा नागनाथ, परभणी, जनाबाईंचे गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा आणि पंढरपूर. अंतर पाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. रोज साठ ते सत्तर किलोमीटर धरून आठ दिवसांचा बेत आखला आहे.

हा मार्ग मी नकाशावर नद्यांवरून वाचला. पैनगंगा, पूर्णा, गोदावरी, मांजरा, सीना आणि अखेर भीमा. आपला जिल्हा हा जलविभाजक प्रदेश आहे. काटेपूर्णा येथे उगम पावून उत्तरेकडे, तापीच्या खोऱ्यात जाते, तर अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळून गोदावरीच्या खोऱ्यात जातात. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर, वाशीम सुमारे ५५० मीटरवर. मोटारीत बसलेल्यास ही उंची कळत नाही. सायकलस्वारास ती मांड्यांतून कळते.

आपल्यापैकी काहींनी विचारले, समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, मग सायकलीने तोच का धरू नये? ७०१ किलोमीटरांच्या त्या मार्गाचा आपणा सर्वांना अभिमान आहे. परंतु त्यावर सायकलीलाच नव्हे, दुचाकीलाही प्रवेश नाही. शिवाय तो पंढरपूरला जात नाही!

पूर्वसूरी

आमचा हा उद्योग फार मोठा नाही, याची जाणीव आम्हास आहे. मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून जगप्रदक्षिणेस प्रस्थान ठेवले. मार्गात तिघे वेगळे झाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. वाळवंटे ओलांडणाऱ्या त्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. अलीकडे, २०१५ मध्ये, नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची स्पर्धा दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली.

ही उदाहरणे वाचताना माझे लक्ष किलोमीटरांच्या आकड्यांकडे गेले होते. सहा निघाले आणि तीन परतले, या वाक्याकडे मी तेव्हा नीट पाहिले नाही. सोबत टिकणे ही अंतराइतकीच कठीण गोष्ट आहे, हे मला पुढे कळले.

यंत्राची तयारी

सायकलींची तयारी माझ्या स्नेह्यांनी केली. दोन्ही सायकली त्यांनी अंगणात पोत्यावर सुट्या केल्या. बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नवे ग्रीस भरले. चाके आऊट होती, ती एकेक आरा पिळून सरळ केली. मागच्या चाकावर भार अधिक येतो, म्हणून तेथील आरे प्रथम तुटतात. म्हणून चार सुटे आरे फ्रेमच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून ठेवले. सामान पाठीवर घ्यायचे नाही, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना समान वजनाच्या पिशव्यांत आणि शक्य तितके खाली ठेवायचे, हा त्यांचा दंडक. मी काढलेली सामानाची यादी बावीस किलोंची झाली होती. त्यांनी ती नऊ किलोंवर आणली. त्यात माझी चार पुस्तके गेली. एक गाथा तेवढी राहिली.

पंक्चर काढण्याची परीक्षा मला तीनदा द्यावी लागली. आपल्या भागात बाभळीचा काटा हा सायकलीचा खरा शत्रू. ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही. टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे मोडके टोक शोधावे लागते, अन्यथा पुढच्या दोन किलोमीटरांत तेच टोक पुन्हा ट्यूब फोडते. पहिल्या दोन परीक्षांत मी बोट फिरवावयास विसरलो आणि नापास झालो. आयुष्यभर मुलांना नापास करणाऱ्या माणसाला हा अनुभव आवश्यक होता.

पावसाळ्यात निघण्याचा विचार आम्ही सोडून दिला. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यात असा घट्ट बसतो, की सायकल आपल्याला नेण्याऐवजी आपणच तिला खांद्यावर न्यावे. म्हणून सोयाबीन निघाल्यावर, तूर शेतात उभी असताना, मार्गशीर्षाच्या थंडीत निघण्याचे ठरले.

कारंज्याच्या वाटेवर

शरीराच्या तयारीसाठी आम्ही अंतर हळूहळू वाढविले. प्रथम वीस किलोमीटर, मग मालेगावपर्यंत, मग शिरपूर. शेवटची मोठी चाचणी म्हणजे वाशीमहून मंगरूळपीरमार्गे कारंजा. तेथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. मघाशी ज्या प्रमादाचा उल्लेख केला, तो येथे घडला.

मंगरूळपीर मागे टाकून आठ-दहा किलोमीटर झाले असतील. सकाळची थंडी होती. माझे स्नेही मागे पडू लागले. मी थांबून हाक मारली, तर त्यांनी वैतागून भलतेच उत्तर दिले. चाळीस वर्षांत हा मनुष्य माझ्यावर कधी चिडला नव्हता. मला राग आला. मी पुढे निघून गेलो. पुलापाशी पुन्हा थांबलो आणि मागे पाहिले, तर ते सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसले होते. थंडीत त्यांचा सदरा घामाने भिजला होता, हात थरथरत होते आणि आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना सांगता येत नव्हते.

त्यांना मधुमेह आहे, हे मला ठाऊक होते. तीन महिन्यांपूर्वी गोळ्यांवरून इन्सुलिनवर आल्याचे त्यांनी मला सांगितले नव्हते. मी सोबत नेणार नाही, ही भीती. त्या दिवशी पहाटे त्यांनी इंजेक्शन घेतले आणि माझा खोळंबा नको म्हणून न्याहारी टाळली. शेतातून आलेल्या एका माउलीने तांब्याभर पाण्यात मूठभर साखर विरघळवून दिली. पंधरा-वीस मिनिटांत ते भानावर आले. ती माउली कोण, हे आम्ही नंतर जाऊन विचारून आलो. पण त्या वेळी ती नसती तर काय झाले असते, या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो. कारण मी रागाच्या भरात पुढे निघून गेलो होतो.

आता माझी बाजूही सांगितली पाहिजे. महिनाभर माझा गुडघा दुखत होता आणि मीही ते लपविले होते. बाम चोळून रोज निघत होतो. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून मी ते कबूल केले. स्नेह्यांनी माझ्या सायकलीकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, सीट खाली हाये तुमची. महिनाभर सांगितलं काऊन नाही?" पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हावा, हा साधा नियम. त्यांनी सीट दोन बोटे वर घेतली. आठवड्यात दुखणे थांबले. दोन मिनिटांचा उपाय हाती असणाऱ्या मित्रापासून मी महिनाभर दुखणे लपवीत होतो! आणि ज्याला त्यांच्या जिवाची जबाबदारी घ्यायची होती, त्याच्यापासून ते आपला आजार लपवीत होते.

करार

कारंज्याहून एस.टी.ने परत आलो. वहिनींनी मला एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, तुमाले ठाऊक होतं का?" नव्हते, हे उत्तर खरे होते, परंतु त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. सहा महिने रोज सोबत फिरणाऱ्या माणसाला ठाऊक का असू नये?

प्रवास रद्द करावा असे त्यांच्या मुलाचे मत पडले. ते मत चुकीचे नव्हते. स्नेही मला म्हणाले, तुम्ही एकटे जा. एक रात्र मी त्याचा विचार केला, हे लपवीत नाही. मग आम्ही दोघे आणि वहिनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी श्रमाच्या दिवसांसाठी मात्रा बदलून दिली आणि नियम घालून दिले. इंजेक्शन मांडीत नको, पोटावर घ्यावे. कारण चालत्या स्नायूतून औषध लवकर भिनते. निघण्यापूर्वी आणि मार्गात दर दोन तासांनी साखर तपासायची. शंभराच्या खाली असेल, तर खाल्ल्याशिवाय पॅडल मारायचे नाही. सत्तरच्या खाली गेली, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटे विसावा आणि पुन्हा तपासणी. ग्लुकोज दोघांच्याही खिशात असावे. त्यानंतर तीन आठवडे आम्ही याच नियमांनी सराव केला आणि मगच वहिनींनी होकार दिला.

त्याखेरीज आम्ही आपसांत एक करार केला. पुढे नेहमी स्नेही असतील, मी मागे. म्हणजे ते माझ्या नजरेआड होणार नाहीत. दोघांपैकी एक थांबला की दुसरा थांबेल. परभणी, गंगाखेड आणि परळी ही आमच्या मार्गावरील रेल्वेस्थानके आहेत. तेथे रोज संध्याकाळी एकमेकांना खरे सांगायचे. आणि एकाने जरी 'आता पुरे' म्हटले, तरी दोन्ही सायकली सामानाच्या डब्यात टाकून दोघांनीही परत यायचे. त्याबद्दल नंतर कोणी कोणास टोमणा मारायचा नाही.

बंधुभगिनींनो, पंढरपूर गाठले, तर नऊ दिवसांनी बुक्का घेऊन आपल्या भेटीस येईन. गंगाखेडहून परतावे लागले, तर गोदावरीचे पाणी घेऊन येईन. तेव्हाही याच सभागृहात बोलवावे, एवढी विनंती. मात्र त्या दिवशी आपण मला 'कोठपर्यंत गेलात' हे आधी विचारू नये. दोघे आलात ना, हे विचारावे.

पहाटे लवकर उठायचे आहे. स्नेही घड्याळाकडे पाहू लागले आहेत. त्यांची जेवणाची वेळ झाली, आणि ती चुकवायची नाही, असे आमच्या करारात आहे. येथेच थांबतो.