बालकाची चौकशी आणि आईबापांचे हक्क

(ग्राम बाल संरक्षण समित्यांचे सदस्य व अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय कायद्याच्या पुस्तकातला असला, तरी त्याचा संबंध थेट घराच्या उंबरठ्याशी आहे. एखाद्या मुलाची आबाळ होत आहे, त्याला मारहाण होते, त्याला कामाला जुंपले आहे, किंवा ते रेल्वे स्थानकावर एकटेच सापडले, अशी खबर १०९८ या क्रमांकावर अथवा पोलीस ठाण्यात गेली, की त्या मुलाच्या रक्षणासाठी शासनयंत्रणा हलू लागते. ती हललीच पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या क्षणापासून मुलाच्या आईबापांना काय विचारता येते, काय मागता येते आणि ते किती दिवसांत मागावे लागते, याची माहिती आपल्या खेड्यापाड्यांतून फार थोड्यांना असते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

या बाबतीतला मुख्य कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली व ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेण्याचे काम या कायद्याने जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे सोपविले आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असून त्यांत निदान एक महिला असावी लागते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. म्हणून तिच्या नोटिशीकडे कोणीही दुर्लक्ष करू नये, आणि तिच्यासमोर जाण्यास कोणी भिऊही नये.

भिऊ नये असे मी म्हणतो, त्याला कायद्यातच आधार आहे. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वे सांगितली आहेत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय आहे. शक्य तितक्या लवकर कुटुंबात परत जाणे हा मुलाचा हक्क आहे. आणि प्रत्येक निर्णय नैसर्गिक न्यायाला धरून, म्हणजे संबंधितांचे म्हणणे ऐकून घेऊन व्हावयास हवा. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ९ मध्येही हेच सूत्र आहे. मुलाला आईबापांपासून वेगळे करण्याचा प्रश्न उभा राहील तेव्हा सर्व संबंधितांना आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, असे ती संहिता सांगते. आईबापांचे ऐकून घेणे हे मुलाच्या हितापासून वेगळे काढता येत नाही. घरची खरी परिस्थिती समितीला कळलीच नाही, तर मुलाचे हित कशात आहे हे ती ठरविणार कशावरून?

चौकशीचा क्रम

मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे हजर करावे लागते. त्यानंतर परिविक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा समाजसेवक घरी येऊन सामाजिक तपासणी करतात. ही तपासणी १५ दिवसांत पुरी व्हावी आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कलम ३६ ची तरतूद आहे. कलम ३७ नुसार समिती मुलाला आईबापांच्या स्वाधीन करू शकते, देखरेखीची अट घालून स्वाधीन करू शकते, अथवा बालगृहात किंवा अन्य योग्य ठिकाणी ठेवू शकते.

घरी आलेल्या अधिकाऱ्याशी वाद घालण्याने काही साधत नाही. त्याचे नाव, हुद्दा व कार्यालय विचारून घ्यावे. मुलाच्या जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि शिधापत्रिका दाखवावी. मुलाला ओळखणारे शिक्षक, अंगणवाडी सेविका वा शेजारी यांची नावे द्यावीत. पुढे समिती ज्या अहवालावर विचार करणार, तो या भेटीतूनच तयार होतो, हे आईबापांनी ध्यानात ठेवावे.

काय मागता येते

पहिली गोष्ट अहवालाची. मुलाविषयीचे अहवाल गोपनीय असतात. परंतु कलम ९९ अन्वये समितीला योग्य वाटल्यास ती त्यांचा सारांश आईबापांना सांगू शकते आणि त्यासंबंधी पुरावा देण्याची संधीही देऊ शकते. मागितल्याशिवाय अशी संधी क्वचितच चालून येते. यास्तव आईबापांनी साध्या कागदावर अर्ज करून सारांश मागावा. ‘बाप व्यसनी आहे’ अथवा ‘घरी सांभाळण्यास कोणी नाही’ असे अहवालात असेल आणि ते खरे नसेल, तर ते खोडून काढण्याची जागा हीच.

दुसरी गोष्ट कायदेविषयक साहाय्याची. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही; म्हणजे कोणत्याही मुलाची आई या साहाय्यास पात्र आहे. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधि सेवा समितीकडे जावे, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.

तिसरी गोष्ट दाद मागण्याची. समितीचा आदेश मान्य नसल्यास कलम १०१ प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालकत्व व प्रायोजकत्व यांसंबंधीच्या निर्णयांवरील अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असेल, तर तीही कलम २७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. शिवाय परिस्थिती पालटली, बापाला काम मिळाले वा आजी घरी राहावयास आली, तर मूल कोणाकडे ठेवावे याविषयीचा आदेश बदलण्यासाठी कलम १०४ खाली खुद्द समितीकडेच अर्ज करता येतो. या प्रत्येक वाटेवर आदेशाची प्रत हाताशी लागते. म्हणून आदेश झाला की त्याची प्रत त्याच दिवशी लेखी मागावी.

दोन महिने आणि चार महिने

आता मी सर्वांत गंभीर बाबीकडे वळतो. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाची उचल घेतलेली असल्याने कोयता मध्येच टाकून येणे त्यांना सोपे नसते. समजा, अशा कुटुंबातील दीड वर्षाचे मूल वाटेतल्या बसस्थानकावर चुकले आणि दूरच्या जिल्ह्यातील समितीपुढे गेले. मुलाला आपले नाव सांगता येत नाही. आईबापांचा शोध लागला नाही आणि मूल परित्यक्त मानले गेले, तर कलम ३८ ची मुदत चालू होते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत दोन महिन्यांत, त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत चार महिन्यांत, समितीने ते दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त असल्याचे घोषित करावयाचे असते. ज्यांना खरोखरच कोणी नाही, अशा मुलांना लवकर घर मिळावे म्हणून ही मुदत ठेवली आहे आणि तिचा हेतू चांगलाच आहे. परंतु ऊसतोडीचा हंगाम दोन महिन्यांहून मोठा असतो. हंगाम संपल्यावर शोध घेऊ, असे म्हणणाऱ्या आईबापांचे मूल तोवर दुसऱ्या घरी गेलेले असू शकते.

म्हणून मूल हरवले की त्याच दिवशी, जेथे असाल तेथील पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदविला गेलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. मूल परजिल्ह्यात सापडले, तर त्याचे प्रकरण स्वतःच्या जिल्ह्याच्या समितीकडे वर्ग करण्याची विनंती कलम ९५ खाली करता येते.

हीच सावधगिरी सहीच्या बाबतीतही हवी. परिस्थितीने नाइलाज झालेली एखादी आई मूल समितीच्या स्वाधीन करते, तेव्हा समितीसमोर तसा लेख केला जातो. कलम ३५ प्रमाणे त्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. तेवढ्या काळात ती मूल परत मागू शकते. हे तिला कोणीतरी तिच्या बोलीत समजावून सांगितले पाहिजे. मजकूर वाचून घेतल्याखेरीज कोणत्याही कागदावर अंगठा उठवू नये, हे तर प्रत्येक घरात सांगण्यासारखे आहे.

गरिबी आणि दुर्लक्ष

पुष्कळदा जे दुर्लक्ष वाटते, ती गरिबी असते. मजुरीला गेलेल्या आईचे मूल घरी एकटे सापडते, ते तिला माया नसते म्हणून नव्हे. केवळ गरिबीपायी मुलाला कुटुंबापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. आपल्या कायद्याच्या कलम ७५ मध्येही, आईबापांनी आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडले असल्यास ते जाणूनबुजून सोडले असे समजू नये व त्यांना शिक्षा होऊ नये, अशी तरतूद आहे. अशा घरांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिचे मासिक साहाय्य २०२३ साली २,२५० रुपये करण्यात आले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ साली प्रायोजकत्वासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविण्यात आले. नियमांत बसणाऱ्या कुटुंबाचा अर्ज आपण जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे वेळीच भरून दिला, तर काही मुलांवर समितीपुढे जाण्याची वेळच येणार नाही.

हक्काची मर्यादा

आईबापांचा हक्क म्हणजे मुलावरची मालकी नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. घरातच अत्याचार होत असेल, मुलीचे बालवयात लग्न लावले जात असेल, तर समितीने मुलाला तेथून दूर ठेवणे हेच योग्य. लैंगिक अत्याचाराची खबर मिळाल्यावर पोलिसांना २४ तासांत समितीला कळवावे लागते. तेथे ‘आमच्या घरातली गोष्ट’ हे उत्तर चालत नाही. कोणत्याही प्रकरणात मुलाचे नाव वा छायाचित्र गावात किंवा वृत्तपत्रांत पसरविणे हा कलम ७४ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

बंधुभगिनींनो, आपण सदस्य आहात, कार्यकर्त्या आहात. खबर देणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते करताना कचरू नका. पण खबर दिल्यावर आपले काम संपले असे समजू नका. त्या आईबापांबरोबर पहिल्या तारखेला समितीपुढे जा. त्यांना अर्ज लिहून द्या. मुदतीचे दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून दाखवा. जे कुटुंब हंगामाला बाहेरगावी जाणार असेल, त्याच्या मुलांची नावे व वये आणि मुकादमाचा पत्ता निघण्यापूर्वी वहीत उतरवून घ्या. एवढी एक नोंद असली, तर दूरच्या जिल्ह्यात सापडलेल्या मुलाचे घर शोधण्यास दोन महिन्यांची मुदत पुरेशी ठरेल.