एक देह, अनेक नाती



ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हां मुलींना एकदा फत्तेसिंह संग्रहालय दाखविण्यास नेले होते. राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेली ती वास्तू. तेथे राजा रविवर्म्याच्या ‘गंगा आणि शंतनू’ या चित्रापुढे बाई थांबल्या. गंगेच्या हाती बाळ आहे आणि शंतनू तिला अडवतो आहे. आम्ही सगळ्या गंगेकडे पाहत होतो. बाईंनी एवढेच विचारले, "आणि सात वेळा हा कुठे होता?" त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते पुष्कळ वर्षांनी, त्याच दालनात, पायांत घुंगरू बांधल्यावर.

आपल्या शहरात भरतनाट्य आले तेच मुळी एका सासुरवाशिणीबरोबर. १८८० साली महाराज सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्यासोबत तंजावरहून नर्तकी आणि त्यांचे साथीदारही आले. सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी ज्या दरबारात या नृत्याला घाट दिला, त्या दरबाराचा हा वारसा होता. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात या मंडळींना नेमणुका मिळाल्या. त्यांच्यातील एका तमिळभाषक घराण्याने पुढे ‘तंजोरकर’ हे आडनाव धारण केले. त्याच घराण्यातील कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे आपल्या विद्यापीठात नृत्य शिकविले. पाहा, राणीचे नाव बदलले आणि नर्तकीच्या कुळाला मराठी वळणाचे आडनाव मिळाले. माणूस एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याची ओळख अशी नव्याने लिहिली जाते.

माझ्या आईचेही नाव लग्नात बदलले होते. ती गात असे, हे मला ती साठीला आल्यावर कळले. मी नृत्य शिकावे असे आमच्या घरात कोणालाच वाटत नव्हते. "ही कुळवंतांची कामे नव्हेत," असे आजी म्हणे. ज्या कलावंतिणींनी ही विद्या जतन केली, त्यांच्याविषयीचा तुच्छभाव त्या एका वाक्यात होता. मला तो पुष्कळ उशिरा बोचला, हेही कबूल करते.

संग्रहालयात त्या चित्रापुढे गंगेचे आख्यान सादर करावयाचे ठरले, तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. तालमीसाठी त्याला आईकडे ठेवून मी रोज निघे आणि तो दारात उभा राहून रडे. मूल दूर सारणारी गंगा मला अभिनयासाठी शोधावी लागली नाही. मी तिची बाजू मांडायला निघाले होते.

पण आपल्या नृत्यात एकाहार्य अभिनय असतो. एकच नर्तकी सर्व पात्रे होते. गंगा झाले, तसे मला शंतनूही व्हावे लागले. ‘तू काही विचारायचे नाहीस,’ या वचनाला बांधलेला तो पती सात मुले जाईपर्यंत गप्प राहिला. तालमीत मी त्याचे मौन नुसते स्थिर उभे राहून दाखवीत असे. प्रयोगाच्या दिवशी शंतनू होऊन उभी राहिले आणि समोर पहिल्या रांगेत माझी आई दिसली, मांडीवर माझा मुलगा. तिचे गाणे थांबले तेव्हा आमच्या घरात कोणी काही विचारले नव्हते. वडिलांनी नाही, आजीने नाही, मीही नाही. माझा उचललेला हात तसाच राहिला. ताल एक आवर्तन पुढे गेला. जाणकारांनी ती चूक मानली असेल. मला मात्र बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. तो तिथेच होता, वचन पाळीत.

घरी परतताना मी आईला विचारले, "तू गाणे का सोडलेस?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कुणी विचारले असते, तर सांगितले असते."

संग्रहालयात वस्तू जपल्या जातात. त्यांच्यापुढे उभे राहून काय विचारायचे, हे शाळा शिकविते. बाईंनी ते आम्हांला शिकविले. आज घरी गेल्यावर आपल्या माणसांपैकी एकाला, न विचारलेला एक प्रश्न आपण विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.