टोचतं तेवढं काढ
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



आज मला गिटार वाजवायला सांगितलंय. त्याआधी दोन मिनिटं बोलतो, कारण या आवाजात तुमचाही वाटा आहे.

इलेक्ट्रिक गिटार आपल्याला नवी नाही. १९७१ च्या ‘दम मारो दम’मध्ये ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती. मला मात्र जुन्या इंग्रजी रॉकचा उबदार, गोल आवाज हवा होता. म्हणून मी ॲम्प्लिफायरचा गेन आणि ट्रेबल, दोन्ही दहावर नेले! खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “घरात नारोशंकराची घंटा टांगलीस का रे?” त्यांची नात तेव्हा दहावीला होती. विषय मासिक सभेत गेला. गिटार बंद करावी, असं बहुतेकांचं मत पडलं. तेव्हा आजीच उठून म्हणाल्या, “बंद कशाला? टोचतं तेवढं काढ.”

मला गुरुमंत्र मिळाला. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या स्वरांना सर्वांत तीक्ष्ण असतो. टोचतं ते बरंचसं तिथंच. मग मी एकेक गोष्ट कमी करत गेलो. पिकअप मानेजवळचा निवडला, कारण तिथं तारेचं कंपन मोठं असतं आणि आवाज भरीव येतो. गिटारवरचा टोन निम्म्यावर आणला. गेन चारवर, ट्रेबल चारवर, मिड सातवर. बास पाचवरच ठेवला, कारण खर्ज भिंती ओलांडून जातो. ॲम्प्लिफायर फरशीवरून उचलून गादी घातलेल्या स्टुलावर ठेवला. खालच्या घरातला घुमारा कमी झाला.

नंतर कळलं, एरिक क्लॅप्टननं १९६७ च्या सुमारास हेच केलं होतं: मानेजवळचा पिकअप आणि टोन पार खाली. त्या आवाजाला ‘वुमन टोन’ म्हणतात. त्याचा ॲम्प्लिफायर मात्र प्रचंड मोठ्यानं वाजायचा. ती चैन फ्लॅटमध्ये परवडत नाही!

त्या दिवशी सभेनं गिटार बंद केली असती, तर मी ती विकूनच टाकली असती. आपण वेळ ठरवून दिलीत, संध्याकाळी सहा ते सात, आणि परीक्षेच्या महिन्यात सुट्टी. तो नियम मी आजही पाळतो.

आजी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आजी, सुरू करतो. टोचलं तर हात वर करा.