थरथरत्या हवेतून ग्रहदर्शन



या व्यासपीठावरून एरवी मोठमोठ्या प्रश्नांचा ऊहापोह होतो. त्या मानाने आमचा विषय घराच्या गच्चीएवढा. गच्चीवर लहानशी दुर्बीण मांडून आम्ही तिघे मित्र गुरू, शनी आणि मंगळ यांची छायाचित्रे घेतो. ढग नसले की काम सोपे, असे पुष्कळांना वाटते. आमची खरी झुंज असते ती हवेशी.

या दिवसांत भर दुपारी डांबरी रस्त्याकडे पाहिले म्हणजे पलीकडची झाडे थरथरताना दिसतात. तापलेली हवा वर चढते, गार हवा खाली उतरते आणि त्या घुसळणीतून येणारे किरण कमीजास्त वाकतात. हीच घुसळण रात्रीही डोक्यावर चालू असते. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, असे आपण शाळेत शिकलो. नुसत्या डोळ्यांपुरते ते ठीक आहे. पण गुरू दोनशे पट मोठा करून पाहा. ओढ्याच्या वाहत्या पाण्याखालचा गोटा हलताना दिसावा, तसे त्याचे बिंब हेलकावू लागते.

थोडा हिशेब मांडू. आकाशातल्या एका अंशाच्या ३६०० विकला होतात. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरवर धरले तर ते सुमारे एक विकला भरते. गुरू जवळ आलेला असतानाही त्याचे सारे बिंब पन्नास विकलांच्या आसपास. आमचा आरसा वीस सेंटिमीटर व्यासाचा; अर्ध्या विकलेहून थोडा मोठा तपशील दाखवण्याची त्याची ताकद आहे. परंतु वाईट रात्री हवा तोच तपशील तीन-चार विकलांवर फासून टाकते. म्हणजे मूळ मजकूर उत्तम, पण शाई फुटलेली!

यावर पहिले उपाय घरगुती आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणून आम्ही पहाटेची वेळ पसंत करतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवतो, म्हणजे आरसा निवतो. ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबतो, कारण तो क्षितिजापासून तीस अंशांवर असताना त्याच्या किरणांना दुप्पट हवा ओलांडावी लागते. शिवाय अनुभवाने एक उलटीच गोष्ट कळली. तारे झगमगत असलेली लखलखीत रात्र पुष्कळदा वाईट निघते आणि जराशी धुरकट, निवांत रात्र चांगली. ग्रह मुळातच तेजस्वी. थोड्या धुरकटपणाने त्यांचे फारसे बिघडत नाही.

एवढे करूनही हवा हलतेच. पण ती सारखी सारखीच हलत नाही. मधूनच एखादा क्षण असा येतो की सारे स्थिर होते आणि गुरूचे पट्टे रेखल्यासारखे दिसतात. जुने निरीक्षक त्या क्षणाची वाट पाहत तासन् तास बसत आणि दिसले तेवढे कागदावर उतरवत. आज कॅमेरा ते काम करतो. दोन मिनिटांत तो नऊ हजार चित्रे टिपतो. संगणक त्यांतली रेखीव चित्रे निवडतो. आम्ही दहांतले एक ठेवतो आणि बाकी टाकून देतो. उरलेली नऊशे एकावर एक नेमकी बसवली की त्यांतला खरखरीतपणा सुमारे तीस पटींनी कमी होतो. अधिक वेळ टिपावे, तर गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो. त्याचे डाग जागचे सरकून चित्र पुसट होते.

या नशिबाचेही गणित आहे. फ्राइड या शास्त्रज्ञाने ते १९७८ मध्ये मांडले. हवेतला सुरळीत भाग जेवढा रुंद, त्याच्या सातपट आरसा असेल तर सुमारे चारशेंत एक चित्र चांगले येते; दहापट असेल तर दहा लाखांत एक! तेव्हा वाईट हवेत लहान दुर्बीणवाल्याने खंत करू नये.

आता ज्यासाठी उभे राहिलो, ती गोष्ट. रचलेले चित्र प्रथम मऊ दिसते. संगणकावर ते रेखीव करता येते, आणि मोह तिथेच पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये मंगळ जवळ आला होता. हवा वाईट होती. आम्ही चित्र रेखीव करीत गेलो, करीत गेलो, आणि मंगळाच्या उजळ कडेच्या आत एक बारीक काळी कमान उमटली. केवढा आनंद झाला! धुळीचे वादळ, ढगांची सावली, असे तर्क लढवून ते चित्र आम्ही एका शाळेच्या प्रदर्शनात खाली माहिती लिहून लावले. पुढे इतर रात्रींची चित्रे तपासली, तर जिथे जिथे आम्ही हात सैल सोडला होता, तिथे तिथे तीच कमान. ती मंगळावरची नव्हतीच. आरशाच्या कडेवर प्रकाश पसरतो त्याची आणि आमच्या हावेची ती संतती होती.

यात आम्ही पहिले नाही. १८७७ मध्ये मिलानच्या स्कियापारेलींनी मंगळावर रेषा पाहिल्या. पुढे लोवेल यांनी त्यांचे कालवे केले आणि कालवे खणणारे लोकही कल्पिले. १९०९ मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथे मोठ्या दुर्बिणीतून आणि अतिशय शांत हवेत आंतोनियादींनी पाहिले, तेव्हा त्या रेषा विरून वेडेवाकडे डाग उरले. १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने जवळून चित्रे पाठवली; त्यांत खळगे होते, कालवे नव्हते.

उलट बाजूही ऐका. १९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली गुरू टिपत होते. हवा बिघडत चालली म्हणून ते आवरण्याच्या बेतात होते. पण घरात जाऊन थोडा वेळ दूरदर्शनवर क्रिकेट पाहून परतले, तो गुरूच्या दक्षिण ध्रुवाकडे काळा डाग! त्यांनी लगेच डंका पिटला नाही. उपग्रहाची सावली तर नव्हे, हे पाहिले. दोनच रात्रींपूर्वीची आपली चित्रे काढून पाहिली. त्यांत डाग नव्हता. मगच जगाला कळवले. गुरूवर काहीतरी येऊन आदळले होते. हवाईतल्या मोठ्या दुर्बिणीने आणि नंतर हबलने त्याला दुजोरा दिला.

त्यांची दुर्बीण आमच्याहून मोठी होती खरी. पण आम्हांला हेवा वाटतो तो त्यांच्या जुन्या, व्यवस्थित जपलेल्या चित्रांचा. हवा वाईट असली तरी नऊ हजारांतून सत्य निवडता येते. मात्र जे दुसऱ्या चित्रफितीतही दिसेल, तेच दिसले म्हणावे.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो. मंगळाचे चित्र उतरवले आणि मुलांसमोर आमची चूक सांगितली. एका मुलीने विचारले, "मग आता कुठलं लावणार?" आम्ही मऊ, कमान नसलेले मूळ चित्र लावले. ते तितके देखणे नाही. पण मंगळ तो आहे.