छतावर ऊन, तरी लिफ्ट बंद काऊन?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

अध्यक्ष, सचिव, माता-भगिनींनो आणि कुल्फीची वाट पाहणाऱ्या बालमित्रांनो,

गेल्या मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली, तो दिवस आठवतो ना? छतावरच्या पॅनलला हात लावता येत नव्हता एवढं ऊन, अन् खाली लिफ्ट बंद, मोटर बंद. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन तास खाली खुर्ची टाकून बसल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, एवढं ऊन पडून राह्यलं, मंग आपली लिफ्ट काऊन बंद? सोलरवाल्यानं फसवलं का?"

फसवलं नाही, काकू. आपला इन्व्हर्टर बाहेरची लाइन पाहून चालतो. ती गेली की तो आपोआप थांबतो, आणि थांबलाच पाहिजे. नाही तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्याच छतावरची वीज धक्का देईल.

वीज तारेत साठत नाही. ज्या क्षणी जेवढी लागते, तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. ग्रिडचा ठोका सेकंदाला 50 चा. राजापेठच्या पुलावर डबलसीट सायकल चढवताना मागच्यानं उडी मारली तर सायकल कशी उसळते? तसंच.

5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता 9 मिनिटं आपण सारे पणत्या घेऊन गॅलरीत होतो. सगळे दिवे एकदम बंद करू नका, असं आपले तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी आधी सांगितलं होतं. देशाची मागणी 12-13 हजार मेगावॅटनं घटेल असा अंदाज होता, घटली सुमारे 31 हजारांनी! तरी ग्रिड टिकलं, कारण धरणांवरची वीज झटपट कमी करता येते आणि माणसं तयारीत बसली होती. 31 जुलै 2012 ला तसं झालं नाही. उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. आपलं पश्चिमेचं ग्रिड वाचलं.

आता सोलर वाढतंय, चांगलंच आहे. पण ढग आला की ते पडतं, आणि संध्याकाळी कूलर-दिवे चालू व्हायच्या वेळेला सूर्य घरी जातो. जुन्या केंद्रांतली अवजड फिरती चाकं असा झटका काही सेकंद तरी सोसतात. पॅनलमध्ये फिरतं काहीच नाही. म्हणून बॅटरी.

जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 मध्ये चाळीसेक घरांचं स्वतःचं छोटं सोलर ग्रिड उभं राहिलं, जेमतेम नऊ किलोवॅटचं. घरोघरी मीटर, बिल गावकरीच गोळा करायचे. आपल्याला तेवढंही नको. लिफ्ट आणि मोटर यांच्यापुरती बॅटरी, बदललेला इन्व्हर्टर, आणि लाइन गेली की आपल्याला बाहेरच्या तारेपासून पूर्ण तोडणारं स्विच, बस. ए.सी. त्यावर चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

खर्च आहे. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हाले लिफ्ट कशाले? बरोबर आहे. पण तुमच्या नळाचं पाणीही वरच्या टाकीतूनच येतं, अन् टाकी मोटरच भरते. वर्गणी मजल्याप्रमाणे की सारखी, यावर भांडण होणार. ते सर्वसाधारण सभेत करू, काकू पहिल्या रांगेत बसणार आहेत.

कुल्फी आली वाटतं. थांबतो.