ही चाल कोणाची?
(महोत्सवानिमित्त भरलेल्या गायकवृंदाच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवगीताची चाल आम्ही रचली, अशी वार्ता गेले दोन महिने या धर्मग्रामात पसरली आहे. ती खरी नाही. ती पसरविणारांत आम्हीच अग्रेसर होतो. तेव्हा ती मागे घेण्याचे कामही आमच्याच वाट्यास यावे, हे योग्य होय.

घडले ते असे. गीताचे शब्द पावसाळ्यातच जुळले होते. चाल मात्र सापडेना. पेटी पुढे ओढून आम्ही कित्येक रात्री घालविल्या, पण हाती काही लागले नाही. मग एके सकाळी केळींस पाणी घालीत असता, काहीही खटपट न करता, ध्रुवपदापासून अंतऱ्यापर्यंत सारी चाल ओठांवर आली. नळ तसाच वाहता ठेवून आम्ही आत धावलो आणि सरगम लिहून काढली. त्या आनंदात गर्वाचा अंशही होता, हे आज कबूल करावयास हरकत नाही.

तिसऱ्या तालमीच्या वेळी एक वृद्ध बाय वेदीपाशी फुले लावीत होत्या. गायकवृंदास आम्ही नुकतीच पहिली ओळ म्हणून दाखविली होती. तोच त्या बाय पाठमोऱ्या उभ्या असताच दुसरी ओळ गुणगुणू लागल्या. ती ओळ तोवर कोणासही शिकविलेली नव्हती!

आम्ही विचारले, "बाय, तुम्हांला पुढचे कसे ठाऊक?"

त्या म्हणाल्या, "फादर, हे तर आपल्या मास्तरांचे नाताळचे गाणे. तुम्ही लहानपणी पुढे उभे राहून म्हणत होता की!"

त्या बाय आमच्याच गावच्या. लग्न होऊन इकडे आलेल्या. मास्तर म्हणजे आमच्या गावच्या देवळात पेटी वाजविणारे गृहस्थ. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. आठ वर्षांचे असताना आम्ही ते गीत गायिले होते. त्यातला एकही शब्द आज आठवत नाही. चाल मात्र स्मृतीच्या तळाशी पन्नास वर्षे स्वस्थ बसून राहिली आणि वर आली ती मास्तरांचे नाव तेथेच सोडून.

स्मृतीची रीत काहीशी अशीच आहे. वस्तू ती जपून ठेवते. वस्तू कोणी दिली, ती चिठी मात्र गळून पडते. शिवाय, ओळखीची वस्तू मनास चटकन गोड लागते. नवी चाल सुचताक्षणीच आवडली, तर तो तिचा गुणच असेल असे नाही. तो जुना परिचयही असू शकतो. आम्हांस हे त्या सकाळी सुचले असते, तर बरे झाले असते.

मनाची समजूत घालण्यासाठी आम्ही आमच्यासारख्या इतर अपराध्यांचा शोध घेतला. त्यात एक फार मोठे गृहस्थ सापडले. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन यांचे 'माय स्वीट लॉर्ड' हे गीत १९७० साली निघाले. ते भक्तिगीत आहे. त्यात 'हालेलुया' हा घोष आहे आणि 'हरे कृष्ण' हाही आहे. एका जुन्या ख्रिस्ती स्तोत्राच्या नव्या गायनावरून आपणांस ते सुचले, असे हॅरिसन यांचे सांगणे होते. परंतु त्याची चाल 'ही'ज सो फाइन' या गीताशी जुळली. ते १९६३ साली शिफॉन्स नावाच्या मुलींच्या चमूने गायिले होते आणि अमेरिकेत सर्वांच्या तोंडी होते. त्याचा कर्ता रॉनल्ड मॅक हा तरुण त्याच वर्षी मरण पावला होता.

खटला न्यूयॉर्कच्या न्यायालयात चालला. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीतनाट्ये रचणारे होते. त्यांनी चालीचे दोन तुकडे पाडले. आपल्या सरगमीत सांगावयाचे तर पहिला तुकडा 'प ग रे' आणि दुसरा 'प ध सां ध सां'. पेटीपाशी बसलेल्यांच्या ध्यानात आलेच असेल की, हे सारे स्वर भूपातले आहेत. भूप गाणाऱ्याच्या गळ्यातून ते तुकडे शंभरदा निघतील आणि त्यास कोणी चोर म्हणणार नाही. न्यायाधीशांनीही तेच म्हटले. सुटे तुकडे विशेष नव्हेत. पण पहिला चार वेळा आणि मागोमाग दुसरा चार वेळा, ही जी बांधणी, ती त्यांस दुर्मिळ वाटली. हॅरिसन यांच्या गीतात जवळजवळ तीच होती. इतकेच नव्हे, तर त्याच जागी तोच एक कणस्वरही होता. १९७६ साली निकाल लागला. हॅरिसन यांनी हेतुपुरस्सर घेतले असे न्यायाधीशांस वाटले नाही. मनाच्या तळाशी ते होते आणि तेथून आले. तथापि, नकळत घेतले तरी घेतलेच, असे ठरून हॅरिसन यांच्यावर देणे लागू झाले. पुढे १९८१ साली ती रक्कम ५,८७,००० डॉलर ठरली.

हा निकाल पुष्कळांस कठोर वाटला. आम्हांस मात्र गुरुविद्यालयातील नीतिशास्त्राचा तास आठवला. पापास ज्ञान लागते आणि संमती लागते. जे आपणांस ठाऊकच नाही, त्याचे पाप लागत नाही. म्हणून अजाणता घेतलेल्या चालीसाठी कोणी पापनिवेदनास येऊ नये. तेथे रांग आधीच मोठी असते! परंतु त्याच शास्त्राचा दुसरा भाग असा की, परक्याची वस्तू सद्भावाने जवळ बाळगणारा मनुष्य, ती परक्याची आहे असे कळले त्या क्षणापर्यंतच निर्दोष असतो. कळल्यावर ती परत केली पाहिजे. सातव्या आज्ञेचा आणि आमचा संबंध त्या बाय गुणगुणू लागल्या तेव्हा सुरू झाला, त्यापूर्वी नव्हे.

आणि खरा मोहही त्यानंतरच आला. बाय स्वतःच म्हणाल्या, "असू द्या, फादर. मास्तर गेले, कोणाला काय कळणार?" तीन दिवस आम्ही गप्प राहिलो. दुसऱ्या रात्री तर पेटीवर बसून दोनचार स्वर इकडचे तिकडे करून पाहिले; एके ठिकाणी निषाद घातला, ताल दादऱ्याचा केरवा केला. चाल ओळखू येईनाशी झाली. मग आमच्या ध्यानात आले की, जे आजवर अजाणता घडले होते, ते आता आम्ही जाणूनबुजून करीत आहो. पेटी मिटली.

या कामी पॉल मॅकार्टनी यांचे वर्तन आम्हांस अधिक आवडते. तेही हॅरिसन यांचेच सोबती. एके सकाळी झोपेतून उठताच 'येस्टरडे' या गीताची चाल त्यांना पूर्ण सुचलेली होती. इतकी पूर्ण चाल आपली कशी असेल, या शंकेने ते अनेक दिवस भेटेल त्यास ती ऐकवून, ही कोणाची, असे विचारीत फिरले. रस्त्यात सापडलेली वस्तू चौकीवर जमा करावी आणि कोणी मागावयास न आल्यास मग आपली समजावी, तसा हा प्रकार. कोणीही हक्क सांगितला नाही. १९६५ साली ते गीत ध्वनिमुद्रित झाले.

आमच्या तरुण चालकारांस एवढेच सांगणे की, नवी चाल प्रथम गावातील सर्वांत वृद्ध कानांस ऐकवा. आणि ती शब्दांवाचून, संथ लयीत ऐकवा. शब्द आणि ताल यांच्या वेषात चाल चटकन ओळखू येत नाही.

घेणे मुळातच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापले, त्यासाठी ओवी येथील पुराणांतूनच घेतली. उपवासकाळात जगभर गायिले जाणारे प्रभूच्या काटेरी मुकुटाचे स्तोत्र ज्या चालीवर आहे, ती चाल हान्स लिओ हासलर यांनी १६०१ साली प्रेमगीतासाठी प्रसिद्ध केली होती. आणि किर्लोस्करांच्या काळची संगीत नाटके उघडून पाहा. पदाच्या माथ्यावर स्वच्छ छापलेले असते, 'चाल' आणि पुढे मूळ गाण्याचे नाव. कोठून घेतले ते एका ओळीत सांगितले, आणि पुढे नाटककार निर्वेधपणे आपले काम करतो. मराठी रंगभूमीचा हा प्रामाणिकपणा आमच्या गीतपुस्तकांत का उतरू नये, हे आम्हांस कळत नाही. आपल्या कित्येक गीतांवर कवीचे नाव असते, चालकाराचे नसते. जणू काय चाल झाडावर पिकते!

चौथ्या दिवशी आम्ही मास्तरांच्या कन्येकडे गेलो. आपल्या देशाच्या कायद्याने चालकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क राहतो, हे आम्ही तिला प्रथम सांगितले. ती हसली आणि आतून एक वही घेऊन आली. पाने पिवळी पडलेली. पेन्सिलीने लिहिलेली सरगम. आम्ही आमचा कागद शेजारी ठेवला आणि दोघेही बोट फिरवीत गेलो. ओळीमागून ओळ तीच. अंतऱ्याच्या शेवटी मात्र मास्तर पंचमावर थांबले होते आणि आम्ही धैवतास स्पर्श करून खाली आलो होतो. एवढा एक धैवत काय तो आमचा!

आम्ही तो काढून टाकावयास निघालो, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, फादर. बाबांना चालला असता."

छापखान्यात पान जुळवून तयार होते. ते बदलण्यास चार दिवस आणि थोडा खर्च लागला. मास्तरांचे नाव आता गीताच्या माथ्यावर आहे. ते तुम्ही पाहिलेच असेल. त्यांची कन्या उद्या दुसऱ्या बाकावर बसणार आहे. तेव्हा सोप्रानो गाणाऱ्या मुलींनी अंतऱ्याचा शेवट घाईने उरकू नये. चला, पेटी घ्या. एकदा संथ लयीत म्हणून पाहू.