कर्ज असलेले घर आणि मोबाईलचा खर्च



आज मोबाईलच्या खर्चावर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या घरावर कर्ज आहे, त्या घरात किराणा आणि शाळेची फी यांच्या पंक्तीला हा खर्च केव्हाच येऊन बसला आहे, आणि त्याचा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही.

प्रथम एक गोष्ट निक्षून सांगतो. वसुलीच्या फोनला कंटाळून, लाजेने, कित्येक जण सिमकार्डच फेकून देतात. असे कदापि करू नका. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, भविष्यनिर्वाह निधी या साऱ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग तुमचे ओटीपी परक्याच्या हाती! कर्ज मात्र जागच्या जागी राहते. वसुलीच्या फोनलाही मर्यादा आहेत. रिझर्व्ह बँकेने 2022 साली सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर असे फोन करण्यास मनाई केली. बचत गटासारख्या सूक्ष्मकर्जाच्या बाबतीत वेळ 9 ते 6 एवढीच ठरविली. धनकोला हे स्पष्टपणे सांगण्याचा तुम्हांला अधिकार आहे.

आता पैशाकडे वळू. फोनपायी जाणारा पैसा तीन प्रकारचा असतो आणि तिन्ही एकाच पारड्यात टाकणे ही आपली चूक होय. रिचार्ज चुकला तर सेवा थांबते, देणे उरत नाही. पोस्टपेडचे बिल थकले तर ते देणे होते. कुटुंबाचा एकत्र प्लॅन असेल तर ज्याच्या नावावर जोडणी, त्याच्यावर सर्वांचा बोजा पडतो. हँडसेटचा हप्ता तर उघड कर्जच आहे. तो चुकला की दंड लागतो, आणि पुढे बँकेच्या दारात गेलात की ती नोंद आडवी येते. दुकानदार म्हणतो, ‘शून्य टक्के व्याज’. अहो, शून्य व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले आहे. व्याज प्रक्रिया शुल्कात लपते, किंवा रोखीने घेतल्यास मिळणारी सूट बुडते. म्हणून जुने कर्ज फिटेपर्यंत नवा हँडसेट हप्त्यावर घेऊ नये. आणि घेतलेला असेल तर आधी त्याचा हप्ता, मग डेटा.

रिचार्जचा हिशेब ऐका. 28 दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात असे 13 रिचार्ज होतात. एकाला 300 रुपये आणि घरात चार फोन धरा. आपण 14,400 रुपये समजतो, जातात 15,600. वरचे 1,200 कोठे गेले हे कळतही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2022 साली प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवण्यास भाग पाडले. डिसेंबर 2024 मध्ये त्याच ट्रायने केवळ बोलणे व एसएमएस असलेली व्हाउचरही बंधनकारक केली. त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. ज्या आजोबांना फक्त बोलावयाचे आहे, त्यांनी डेटाचे पैसे का मोजावेत? दुकानदार हे आपण होऊन सांगेलच असे नाही, विचारावे लागते. मात्र वर्षाचे पैसे एकदम भरण्यासाठी उसने काढणार असाल, तर त्या बचतीला अर्थ नाही.

न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले जात असतील तर 155223 या मोफत क्रमांकावर ती बंद करता येते. पोस्टपेड झेपत नसेल तर थकबाकी भरून प्रीपेड करून घ्या. नंबर तोच राहतो. दुसऱ्या कंपनीकडे जाण्यासाठी 1900 वर एसएमएस करावा लागतो, पण मागील बिल फेडल्याखेरीज पोस्टपेड नंबर हलत नाही.

बिल चुकीचे असेल तर कंपनीच्या 198 क्रमांकावर तक्रार द्या व तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. त्या वेळी हाच क्रमांक मागतात.